घोरणाऱ्या म्हातारीचा डोह

सांगखाम बेटाच्या दक्षिण टोकाला मेकाँगच्या दोन धारा एकमेकींना भेटतात आणि भांडल्यासारख्या पुन्हा वेगळ्या होतात. तिथंच तो डोह आहे. उन्हाळ्यात सगळी नदी खंगते, कातळ उघडे पडतात, म्हशी गुडघाभर पाण्यातून पलीकडच्या बेटावर चरायला जातात. पण या डोहाचा तळ कधी कुणाला लागलेला नाही. बेटावरच्या थोंगदी कोळ्याच्या आज्यानं एकदा वेताच्या दोरीला दगड बांधून सोडला होता. दोरी संपली तरी दगड लोंबकळतच राहिला, म्हणतात.

डोहाच्या तळाशी एक म्हातारी झोपलेली आहे. पाऊसकाळात नदी गढूळ होऊन धावते तेव्हा ती गाढ झोपते, तिचा आवाज नसतो. पण उन्हाळ्याच्या अखेरीला, पाणी निवळून काचेसारखं झालं की, दिवस कलताना ती घोरायला लागते. वरून काही ऐकू येत नाही. होडी थांबवायची, वल्हं पाण्यात उभं सोडायचं आणि त्याच्या दांड्याला कान लावून डोळे मिटायचे. आधी नुसती सळसळ. मग खोलातून, लाकडातून चढत चढत आवाज येतो. खर्र… खर्र… खर्र… थांबतो. पुन्हा खर्र.

घोरतो तो खरं म्हणजे कुआंग मासा. हातभर लांब, रुपेरी अंगाचा. विणीच्या दिवसांत नर पोटातली हवेची पिशवी वाजवून माद्यांना बोलावतात. हे बेटावर सगळ्यांना ठाऊक आहे, आणि म्हातारीही सगळ्यांना ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी एकाच डोहात राहतात, त्याची कुणाला अडचण वाटत नाही.

त्या डोहाच्या तोंडाशी जाळं सोडायचा मान थोंगदीच्या घराण्याचा. आजा, मग बाप, मग तो. मानाबरोबर एक कामही चालत आलेलं: म्हातारीचं घोरणं ऐकायचं आणि गावात येऊन सांगायचं. नऊ वर्षांचा असताना बापानं त्याला पहिल्यांदा नेलं होतं. बाप म्हणाला होता, “ऐकायला जाऊ नकोस. नुसता बस. तीच तुझ्याकडे येईल.” आणि ती आली होती.

आता थोंगदी त्रेसष्ट वर्षांचा होता आणि दोन उन्हाळे झाले, ती आली नव्हती.

याचं कारण त्याला माहीत होतं, आणि नव्हतंही. तरुणपणी कातळाखाली अडकलेली जाळी सोडवायला बुड्या मारमारून त्याचे कान फुटले होते. दर पावसाळ्यात वाहायचे. मग वाहणं थांबलं आणि हळूहळू आवाज जायला लागले. सगळ्यात आधी गेला धबधबा. बेटाच्या खाली, कोसभरावर, अख्खी मेकाँग कड्यावरून कोसळते. तिचा घुमारा इथं जन्मलेल्या माणसाच्या कानामागे जन्मापासून असतो, इतका की तो आहे हेच कळत नाही. एका सकाळी थोंगदी जागा झाला आणि त्याला वाटलं, नदी थांबली. तो तसाच उठून काठावर गेला. नदी वाहत होती. सकाळच्या उन्हात चमकत, बांबूच्या पानांचे पुंजके घेऊन, नेहमीसारखी वाहत होती. फक्त स्वप्नातली नदी वाहते तशी, आवाजाविना.

त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. पुढं कोंबडे गेले, विहारातला ढोल गेला, माणसं गेली. बायकांची आणि पोरांची बोलणी आधी, पुरुषांची नंतर. थोंगदी युक्त्या शिकला. समोरच्याचे ओठ बघायचे. चारचौघांत आपणच जास्त बोलायचं, म्हणजे कुणी विचारत नाही. सगळे हसले की हसायचं. आणि संध्याकाळी डोहावर जाऊन वल्ह्याला कान लावायचा, काहीच आलं नाही की बसून राहायचं. काळोख पडायच्या आत परत यायचं. त्याला खरोखर कळेनासं झालं होतं: गप्प कोण झालंय? आपण, की म्हातारी? होडीत बसल्या बसल्या कधीकधी त्याला वाटे, नदीतले सगळे मासे निघून गेलेत, आपल्याला कुणी सांगितलं नाही इतकंच.

त्या उन्हाळ्यात पाक्से शहरातून मासेमारी खात्याचा एक तरुण साहेब बेटावर आला. विलाय त्याचं नाव. चष्मा, पायात चिखलानं भरलेले बूट, काखेत नकाशाची गुंडाळी. बेटाच्या वाट्याचा एक डोह राखीव करायचा होता. त्यात जाळं नाही, गळ नाही, बारा महिने काही नाही, म्हणजे बाकीच्या नदीला मासे पुरतील. कुठला डोह, ते गावानं ठरवायचं होतं.

गाव विहाराच्या मंडपात जमलं. दोन डोहांची नावं पुढं होती. एक उताराजवळचा, होड्या लागतात तिथला, हंड्याचा डोह. राखायला सोपा, गावाच्या डोळ्यांसमोर. दुसरा घोरणाऱ्या म्हातारीचा. साहेब म्हणाला, मासे जिथं विणीला येतात तोच राखला पाहिजे, नाहीतर सगळा खटाटोप फुकट. मग गावचा मुखिया फोंसी थोंगदीकडे वळला.

फोंसी गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसत होता. पंच्याच्या आडून त्यानं विचारलं, “काका, यंदा बोलली का ती?”

थोंगदीला शेवटच्या शब्दांपुरतेच ओठ दिसले. बोलली का ती. आणि त्याला वाटलं, हा आपल्या केओबद्दल विचारतोय. त्याची मुलगी केओ लग्न होऊन नदीपलीकडे थायलंडात गेली होती. तिचा फोन फोंसीच्याच घरी यायचा; थोंगदी तो कानाला लावायचा तेव्हा त्यातून शब्द येत नसे, आणि त्याला वाटे, लग्नावरून झालेल्या भांडणापासून पोर आपल्याशी बोलत नाही. मंडपात शिरतानाच फोंसीनं तिची चौकशी केली होती.

थोंगदी मान खाली घालून म्हणाला, “नाही रे. दोन वर्षं झाली. चकार शब्द नाही. गेली ती. आम्ही आता वाटही बघत नाही.”

म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. साहेबानं चष्मा वर सारला आणि वहीत काहीतरी लिहिलं. थोंगदीला वाटलं, गाव किती प्रेमळ आहे, माझ्या पोरीसाठी एवढं हळहळतंय. त्याचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घराखाली जाळं विणत बसला होता. घर खांबांवर, वर राहायचं, खाली सावलीत कामं. दोन खांब सोडून मानीवान, त्याची बायको, मागावर बसली होती. तेवढ्यात उदोन आला. उदोनची धार डोहाच्या पलीकडची, उथळ. चाळीस वर्षं दोघं शेजारी शेजारी जाळी सोडत आले होते आणि चाळीस वर्षं एकमेकांच्या नावानं खडे फोडत आले होते.

उदोननं थोंगदीच्या पाठीवर जोरात थाप मारली आणि डोळा मिचकावला. “काय डोकं लढवलंस रे म्हाताऱ्या! आणि चेहरा काय केला होतास, जसं काही सख्खी आईच गेली! आता हंड्याचा डोह जाणार राखीवमध्ये, आणि तुझा तुला मोकळा. मला सुचलं असतं तर मीही रडलो असतो.”

थोंगदी त्या वेळी दोऱ्याची गाठ दातानं तोडत होता. त्यानं वर बघितलं, उदोन हसताना दिसला, म्हणून तोही हसला. मोकळेपणी, मान डोलवून.

उदोन गेला. मानीवाननं धोटा खाली ठेवला, उठून आली आणि नवऱ्याच्या हातातलं जाळं काढून घेतलं.

“चल.”

“कुठं?”

तिनं नदीकडे बोट दाखवलं.

ती होडीत सहसा बसत नसे. तिचं काम भाताचं आणि मागाचं. पण त्या दिवशी तिनं बांबूच्या डब्यात चिकट भात भरून घेतला, मिरचीची चटणी घेतली, आणि होडीच्या मध्यावर मांडी घालून बसली. मोटार लावू नको, अशी हातानं खूण केली. थोंगदीनं वल्हं मारलं. गाव मागं पडलं, ताडाची झाडं लहान झाली. धारेच्या मध्ये पुरानं वाकवलेली झुडपं होती, सगळी एकाच दिशेला, केस विंचरल्यासारखी. ऊन असं की पाणी आणि आभाळ यांच्यातली रेघ पुसून गेलेली. जवळपास कुणी नाही असं बघून मानीवान पुढं सरकली, नवऱ्याच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडली,

“तू बहिरा आहेस!”

थोंगदी दचकून एवढा मागं झाला की होडी हेलकावली. “हळू! पाण्यावरून आवाज लांब जातो!”

“जाऊ दे! कुणाला कळायचं राहिलंय?”

“कुणाकुणाला कळलंय?”

“मला.”

“कधीपासून?”

ती त्याच्या समोर येऊन बसली, ओठ नीट दिसतील अशी, आणि सावकाश बोलायला लागली. चौतीस वर्षांच्या संसारात तिचा चेहरा त्याला पाठ होता. तिचं बोलणं तो ऐकण्यापेक्षा वाचतच आला होता.

“भातात खडा लागला की मी पुटपुटते, ते तुला ऐकू येईना तेव्हापासून. आधी मला वाटलं, माणूस सुधारला. मग कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून थांबले. तू सांगतोयस कुठला! कुणी काही विचारलं की मी तेच मोठ्यानं तुझ्याकडे बघून म्हणायचे, ते तुझ्या ध्यानात तरी आलं का? काल मंडपात बायकांच्या बाजूला होते. तिथून कशी म्हणू?”

“काल काय झालं?”

मग तिनं सगळं सांगितलं. फोंसीनं काय विचारलं होतं, गावानं काय समजलं, उदोन काय बोलून गेला. थोंगदीनं वल्हं आत घेतलं. होडी आपली आपण वळून धारेला लागली.

“त्यानं म्हातारीचं विचारलं?”

“म्हातारीचंच.”

“मला वाटलं, केओचं.”

“केओ दर महिन्याला फोन करते, केओच्या बापा. तू फोन कानाला लावतोस, हं हं म्हणतोस आणि माझ्या हातात देतोस. तिला वाटतं, बाप अजून रागावलाय. मी तिला गेल्या पौर्णिमेलाच सांगितलं, राग नाही गं, कान. पोर रडली तिकडे. पुढच्या महिन्यात येतेय.”

एक खंड्या झुडपावरून सुटला आणि निळी रेघ ओढून गेला.

“उदोनला वाटतंय, मी खोटं बोललो.”

“साऱ्या बेटालाच तसं वाटायला लागेल दोन दिवसांत.”

“वाटू दे,” तो म्हणाला. “लबाड म्हटलं तर चालेल. लबाड माणसाला लोक मान देतात. बहिऱ्याला हसतात.”

“तुला चालेल. मला लबाडाची बायको म्हणून विहारात जायचं नाही.” तिनं हनुवटीनं डोहाची दिशा दाखवली. मग म्हणाली, “आणि ती? ती घोरते का अजून?”

“हेच तर मला माहीत नाही, मानी.”

दोघं डोहापाशी पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. नेहमीच्या कातळाला त्यानं होडी टेकवली. भाताचा एक गोळा पाण्याच्या कडेला ठेवला, डोहाच्या राखणदारासाठी. मग दोघांनी चटणीशी भात खाल्ला. सावल्या लांबल्या. पाण्याचा रंग आधी हिरवा होता, मग मधासारखा झाला, मग त्यालाही नाव राहिलं नाही. थोंगदीनं होडी डोहाच्या मधोमध नेली, वल्हं उभं सोडलं आणि बायकोला खूण केली.

मानीवाननं दांड्याला कान लावला. तोंड वाकडं केलं, डोळे मिटले, उघडले.

“काय?”

“भात उकळतोय असं वाटतं. खदखद खदखद. घोरणं नाही.”

“नीट ऐक.”

“ऐकतेय की! तू घोरतोस ते चौतीस वर्षं ऐकतेय, घोरणं मला ओळखता येत नाही होय?”

तिनं पुन्हा लावला. नाही. थोंगदीनं आपला डावा कान लावला, मग उजवा. आत कापूस भरलेला. लाकूड गार लागत होतं, बस. त्यानं वल्हं दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि त्याच्या टोकावर कपाळ टेकलं. गेली असेल तर? खरंच गेली असेल तर आपण मंडपात बोललो ते खरंच होतं, मग कबुली कसली द्यायची? आणि असेल तर, सगळ्या नदीत तिला ऐकणारा एकच माणूस आणि तो हा असा.

तेवढ्यात पलीकडच्या धारेतून उतारूंची मोटारहोडी गेली. तिच्या लाटा तिरक्या आल्या, होडी उचलली गेली, आणि वल्ह्याचं टोक थोंगदीच्या तोंडावर आदळलं. ओठ फुटला. त्यानं रागानं ते लाकूड दातांत पकडलं, एखादा मासा पकडावा तसं.

आणि तो तसाच राहिला.

मानीवान म्हणत होती, “रक्त येतंय, बघू,” पण त्यानं हात वर करून तिला थांबवलं.

जबड्यातून काहीतरी येत होतं. कानातून नाही, हाडातून, दातांच्या मुळांतून, टाळूतून. आधी मोटारीची घरघर, लांब लांब जाणारी. ती विरली. मग तळावरून घरंगळणारे गोटे, असंख्य, बारीक, कुणीतरी सुपात धान्य पाखडावं तसे. आणि त्या सगळ्याच्या खाली, सगळ्याला तोलून धरणारा, रुंद, संथ घुमारा. त्याला क्षणभर कळेना हा काय आहे. मग कळलं. धबधबा. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी हरवलेला धबधबा होता तिथंच होता. नदीच्या अंगातून चालत येऊन त्याच्या दातांपाशी उभा राहिला होता. थोंगदीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ओठाच्या रक्तात मिसळलं. तो हलला नाही. ऐकायला गेला नाही. नुसता बसला.

खर्र.

तो श्वास घ्यायचा थांबला.

खर्र… खर्र… मग दुसरीकडून, जरा बारीक, खर्र. मग आणखी एक. एक म्हातारी नव्हे, म्हाताऱ्यांची पंगत. सगळा डोह घोरत होता.

त्यानं डोळ्यांनीच बायकोला जवळ बोलावलं. तिनं दांड्याच्या मधल्या भागाला कान लावला. पुन्हा मान हलवली, नाही. मग थोंगदीनं तिच्या पाठीवर बोट ठेवलं आणि प्रत्येक खर्रला एक टकटक केली. टक. टक टक. थांबला. टक. अंधारात कुणाला वाट दाखवावी तसं. मानीवान डोळे मिटून बसली होती. एकदा, दोनदा, सातदा. मग तिच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला, भुवया वर गेल्या, आणि पुढची टकटक व्हायच्या आधीच तिचं बोट त्याच्या गुडघ्यावर पडलं. टक.

“अगं बाई,” ती म्हणाली. “ही तर तुझ्या आईसारखी घोरते.”

त्याला ते ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले. आणि वल्हं दातांत धरूनच तो हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब परत निघाला होता. उतारावर होडी लागली होती, नकाशाची गुंडाळी प्लॅस्टिकमध्ये बांधलेली होती, फोंसी त्याला सुक्या मासळीची पिशवी देत होता. जायला निघालेली, पोचवायला आलेली आणि नुसतीच बघायला आलेली धरून वीस-पंचवीस माणसं होती. थोंगदी पायऱ्या उतरून आला. ओठ सुजला होता. बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज राहत नाही. तो बोलला ते पलीकडच्या बेटावरही गेलं असेल.

“साहेब, नकाशा उघडा. मी परवा चुकीचं सांगितलं. माझे कान गेलेत. दोन वर्षं झाली. फोंसीनं म्हातारीचं विचारलं, मला वाटलं माझ्या पोरीचं विचारतोय. म्हातारी आहे. काल मी ऐकली.”

मागून कुणीतरी खुदकन हसलं. आणि उदोन, जो उतारूंची पोती चढवत होता, तो पोतं खाली टाकून म्हणाला, “कान गेलेत म्हणतोस, आणि ऐकली म्हणतोस. कशानं ऐकली?”

मानीवाननं नवऱ्याकडे तोंड करून प्रश्न पुन्हा म्हटला.

“दातांनी,” थोंगदी म्हणाला.

मग जो हशा उसळला! पोरं दातांत काटक्या धरून नाचायला लागली. एक म्हातारा म्हणाला, माझा तर एकच दात उरलाय, मला अर्धाच मासा ऐकू येईल. थोंगदी उभा राहिला. दोन वर्षं ज्या हसण्याला तो घाबरत होता ते समोर होतं, आवाजाविना, नुसती उघडी तोंडं आणि हलणारी पोटं. तो वाट बघत होता की आता काहीतरी आत तुटेल. काही तुटलं नाही. हसणारे चेहरे वाईट नव्हते. फोंसी तर हसता हसता रडत होता, त्यानं पुढं येऊन थोंगदीचा हात धरला आणि ओठ मोठे करून म्हणाला, “काका, चूक माझी. तोंडावर पंचा धरून विचारलं मी.”

साहेब मात्र हसत नव्हता. तो तरुण होता, त्याला वरिष्ठांना उत्तर द्यायचं होतं. तो म्हणाला, “काका, मी ‘दातांनी ऐकलं’ असं कागदावर कसं लिहू? मला ऐकवाल?”

“संध्याकाळपर्यंत थांबा.”

साहेबाची होडी त्याच्याशिवाय गेली.

संध्याकाळी डोहावर सहा होड्या होत्या. मोटारी बंद. कुणी बोलत नव्हतं, पोरंसुद्धा. सहा वल्ही उभी आणि सहा माणसं त्यांना कान लावून, जशी काही सगळी एकदम झोपी गेलीत. थोंगदी आपलं वल्हं दातांत धरून मधोमध होता. त्याचा हात वर होता. खर्र आलं की तो एक बोट उचलायचा, आणि सगळे त्या बोटाकडे बघत होते. सूर्य पलीकडच्या झाडांत गेला. पाणी इतकं स्थिर होतं की होड्या आभाळात ठेवल्यासारख्या वाटत होत्या.

पहिल्यांदा ऐकलं फोंसीनं. तो एकदम ताठ झाला. मग एका पोरीनं. मग साहेबानं. त्याचा चष्मा दांड्यावर आपटून तिरका झाला होता, तो त्यानं सरळ केला नाही. बराच वेळ तो तसाच बसला, आणि मान वर केली तेव्हा पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू होतं, लहान पोराला काहीतरी सापडल्यावर येतं तसं.

उदोनला मात्र काही केल्या ऐकू येईना. त्यानं शेवटी वैतागून आपलं वल्हंही दातांत धरलं. सगळ्या होड्यांमधून हसण्याची एक दबलेली लाट गेली.

परतताना साहेबानं वही काढली. “डोहाचं नाव काय लिहू?”

“घोरणाऱ्या म्हातारीचा डोह,” फोंसी म्हणाला.

“हे कचेरीत वाचणार आहेत.”

“मग वाचू दे की.”

त्यानं तसंच लिहिलं.

पंधरा दिवसांनी भिक्खू आले, डोहावर मंत्र म्हटले गेले, काठावर बांबू रोवून त्यांना केशरी कापडं बांधली. त्यावर लिहिलं होतं, इथून तिथपर्यंत मासेमारी बंद. केओही आली होती, कडेवर पोर घेऊन; तिनं बापाच्या डोळ्यांसमोर तोंड नेऊन एक एक शब्द सांगितला आणि त्यानं एक एक शब्दाला मान डोलावली.

जाळ्याचे नांगरदगड काढायचे राहिले होते. ते थोंगदीनं कुणाला काढू दिले नाहीत. तीन दगड होते, आज्याच्या वेळचे, वेतानं बांधलेले. त्यांच्या अंगावर शेवाळ वाढून ते केसाळ जनावरांसारखे झाले होते. एकेक करून त्यानं ते वर ओढले. तिसरा आला तेव्हा तो होडीत बसला आणि बराच वेळ दगडावर हात ठेवून राहिला. मानीवान काठावर होती. तिनं हाक मारली नाही. मारून उपयोग नव्हता, आणि असता तरी तिनं मारली नसती. मान गेला होता. पुढच्या पिढीला आता या डोहातून काही मिळायचं नव्हतं. निदान जाळ्यातून नाही. हे त्याला उतारावर बोलतानाच माहीत होतं. तरी दगड हातात आल्यावर ते वेगळं कळलं.

मग प्रश्न आला, थोंगदीनं जाळं सोडायचं कुठं? चांगल्या जागा घराघरांत वाटलेल्या. रिकामी अशी एकही नाही. फोंसी उदोनकडे गेला. उदोननं आधी आकाशपाताळ एक केलं. “माझी धार गुडघाभर पाण्याची, तिच्यात हा हत्ती कुठं बसवू?” मग संध्याकाळी तो स्वतःच थोंगदीच्या घराखाली आला, मागाजवळ उभा राहिला आणि मानीवानला म्हणाला, “वहिनी, त्याला सांगा, डाव्या बाजूनं सोड म्हणावं. उजवी माझी. आणि जाळी गुंतली तर सोडवायची त्यानं.”

“तूच सांग की. तोंडासमोर उभा राहून सांग.”

उदोननं थोंगदीच्या तोंडासमोर उभं राहून सांगितलं. हातवारे करून, दोनदा. थोंगदीनं विचारलं, “उजवी बाजू माझी?” उदोननं कपाळावर हात मारून घेतला. मानीवान मागावर मान खाली घालून हसत होती. तिनं नवऱ्याचे डोळे बघितले होते आणि त्याला नीट समजलंय हे तिला कळलं होतं.

आता दुपारच्या वेळी दोघांच्या होड्या त्या उथळ धारेत एकमेकींपासून वीस हातांवर असतात. पाणी इतकं पातळ की तळाचे गोटे मोजावेत. मासे लहान, बोटाएवढे, कधी तळहाताएवढे. भाताबरोबर खाण्यापुरते, आंबवायला मडकंभर. कुआंग इथं येत नाही. उन्हानं डोळे जड होतात. थोंगदी होडीत आडवा होतो, टोपी तोंडावर घेतो, आणि होडीची फळी डोक्याच्या मागच्या हाडाला टेकली की तिच्यातून नदी त्याच्या डोक्यात येते: गोटे, धार, आणि दूरवरचा तो रुंद घुमारा. त्यात तो झोपतो, झोपेत त्याची होडी हळूहळू उजवीकडे सरकते, आणि उदोन ओरडायला लागतो. ओरडून काही होत नाही. शेवटी उदोन त्यासाठीच होडीत आणलेलं चिखलाचं ढेकूळ उचलून त्याच्या होडीत नेम धरून मारतो.

एका दुपारी थोंगदी असाच उठून बसतो. उदोन हातवारे करत असतो, पाण्याकडे, जाळ्याकडे. दोघांची जाळी एकमेकांत गुंतलेली, आणि मधोमध काहीतरी मोठं, हातभर लांब, रुपेरी धडपडत असतं. दोन्ही म्हातारे शिव्या देत पाण्यात उतरतात आणि दोन्ही बाजूंनी ओढायला लागतात.